काटा का हलत नाही? आहार-व्यायामाच्या नोंदींबद्दल वाचकांचे प्रश्न

वजन उतरवण्यासाठी रोजचं खाणं आणि व्यायाम लिहून ठेवणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. शिस्तीत हे वाचक कुठेच कमी पडत नाहीत, अडचण येते ती मोजण्याच्या पद्धतीत. म्हणून उत्तरांत आकडेमोड जरा जास्त आहे. शक्य असेल तर कागद-पेन घेऊन वाचा.

प्रश्न : वय ३८, उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. नऊ आठवडे ॲपमध्ये रोज १४०० कॅलरींची नोंद करते आहे, तरी वजन जागचं हलत नाही. थायरॉईडची तपासणी नॉर्मल आली. माझं चयापचय मंद आहे का?

उत्तर : चयापचयाला दोष देण्याआधी आकडे मांडून बघू. आराम करताना शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं, याचा अंदाज मिफ्लिन-सेंट जिओर या १९९०च्या सूत्राने काढतात. वजनाला (किलो) १० ने गुणायचं, त्यात उंची (सेंमी) गुणिले ६.२५ मिळवायची, वय गुणिले ५ वजा करायचं. मग स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा, पुरुषांसाठी ५ अधिक. तुमच्यासाठी ७४० + १००० − १९० − १६१ = १३८९. काम बैठं असेल तर याला १.२ ने गुणा, थोडंफार चालणं-फिरणं असेल तर १.३७५ ने. म्हणजे रोजचा खर्च १६७० ते १९१०च्या दरम्यान. सूत्र दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, पण १४०० हा आकडा खरा असता तर नऊ आठवड्यांत दोन-चार किलो उतरायला हवे होते. ते उतरले नाहीत, तेव्हा रोज तीनशे ते पाचशे कॅलरी नोंदीत न येता पोटात जात असण्याची शक्यता सगळ्यांत मोठी आहे.

हा तुमच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. 'काही केलं तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या माणसांचा १९९२ साली अमेरिकेत अभ्यास झाला. त्यांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला, तेव्हा त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. चयापचय मात्र अपेक्षेइतकंच निघालं.

चोरवाटा ठरलेल्या असतात. पहिली तेलाची. सपाट भरलेला १५ मिलिलिटरचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १२० कॅलरी. बाटलीतून थेट कढईत ओतलं की 'एक चमचा' म्हणून लिहिलेलं तेल प्रत्यक्षात अडीच चमचे असतं, आणि तिथेच १८० कॅलरी गायब होतात. दुसरी वाट स्वयंपाक करता करता चाखण्याची आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवण्याची. तिसरी सुक्या मेव्याची आणि शेंगदाण्यांची : ३० ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची जेमतेम मूठभर, १७० कॅलरी. चौथी चहा-कॉफीतल्या दूध-साखरेची. पाचवी आठवड्याच्या शेवटची. पाच दिवस १४०० आणि दोन दिवस २६०० असं खाणं झालं तर आठवड्याची सरासरी १७४० येते, आणि नोंद मात्र बहुतेकदा त्या पाच दिवसांचीच असते.

आणखी एक जागा तपासाच : ॲपमधली पदार्थांची यादी. त्यातल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. एक साधी कसोटी आहे. प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, कर्बोदकांचे गुणिले ४, स्निग्धांशाचे गुणिले ९ आणि या तिन्हींची बेरीज. ती ॲपने दाखवलेल्या कॅलरींच्या जवळपास यायला हवी. तंतुमय पदार्थांमुळे थोडा फरक पडतो, पण २०० आणि ३४० असा फरक दिसला तर ती नोंद टाकून द्या. पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, हेही बघा. काही पाकिटांवर तो किलोज्यूलमध्ये असतो, तेव्हा ४.१८४ ने भागा.

पुढचे दहा दिवस एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. सगळंच मोजायची दगदग नको असेल तर किमान तेल, तूप, लोणी, साखर, सुका मेवा आणि धान्य एवढं मोजा. काकडी-टोमॅटो अंदाजाने लिहिलेत तरी बिघडत नाही, कारण तिथली चूक दहा-वीस कॅलरींची असते. हे सगळं नीट करूनही महिन्याभरात काटा ढिम्म राहिला, तर चालू असलेल्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि नैराश्यावरची काही औषधं वजनावर परिणाम करतात.

प्रश्न : घरात पाच जणांचा स्वयंपाक एकाच भांड्यात होतो. माझ्या ताटात किती आलं ते कसं मोजायचं?

उत्तर : भांड्यासकट. घरातल्या नेहमीच्या भांड्यांची रिकामी वजनं एकदाच करा आणि कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. स्वयंपाकाला लागताना जिन्नस कच्चे असतानाच मोजा. पदार्थ तयार झाला की भांडं काट्यावर ठेवा, रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा आणि एकूण कॅलरींना उरलेल्या वजनाने भागा.

बटाट्याची भाजी घेऊ. ६०० ग्रॅम बटाटे (४६० कॅलरी), १५० ग्रॅम कांदा (६०), ३० ग्रॅम तेल (२७०), एकूण ७९०. रिकामं भांडं ८५० ग्रॅम, भाजीसकट १४९०, म्हणजे भाजी ६४० ग्रॅम. १०० ग्रॅमला १२३ कॅलरी. तुमच्या ताटात १८० ग्रॅम आली तर २२२.

वजन ७८० वरून ६४० झालं म्हणजे नुसतं पाणी उडालं, कॅलरी तेवढ्याच राहिल्या. पातळ पदार्थात उलट होतं : पाणी वाढतं आणि १०० ग्रॅममागच्या कॅलरी कमी होतात. म्हणून 'एक वाटी' हे माप फसवं ठरतं. त्याच वाटीत दाट आणि पातळ पदार्थाच्या कॅलरींत दुप्पट फरक पडू शकतो.

गरम भांडं थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा जाड कापड घाला आणि ते ठेवूनच काटा शून्यावर आणा. आणि आधी आपल्या काट्याची कमाल क्षमता बघून घ्या. बरेच काटे ५ किलोपर्यंतच मोजतात, आणि मोठं भरलेलं पातेलं त्याच्या पुढे जातं.

प्रश्न : भाताचं वजन कच्च्या तांदळाचं लिहायचं की शिजलेल्या भाताचं?

उत्तर : कोणतंही चालेल, पण नोंद निवडताना तीच अवस्था निवडा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. ताटातला २०० ग्रॅम भात 'तांदूळ' म्हणून नोंदवलात तर २६० ऐवजी ७२० लिहिले जातील. उलट चूक झाली तर तेवढाच तोटा. डाळी, कडधान्यं, मांस, सगळ्यांना हाच नियम.

प्रश्न : माझं वजन ८० किलो आहे. ४५ मिनिटं चाललो की घड्याळ ३२० कॅलरी जळाल्याचं दाखवतं. तेवढं जास्त खाल्लं तर चालेल ना?

उत्तर : नाही. घड्याळाचा आकडा आधी तपासून घेऊ. व्यायामाचा जोर 'मेट' या एककात मोजतात. शांत बसलेल्या शरीराचा खर्च १ मेट, आणि सपाटीवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणं साधारण ३.५ मेट. मेट गुणिले वजन गुणिले तास : ३.५ × ८० × ०.७५ = २१०. पण त्या पाऊण तासात तुम्ही खुर्चीत बसून असता तरी ६० कॅलरी खर्च झाल्याच असत्या. चालण्यामुळे वाढलेला खर्च म्हणून १५० धरायचा. ३२० कॅलरी खाऊन भरपाई केलीत तर चालून आल्यावर १७० कॅलरी वाढवूनच बसाल.

मनगटावरची घड्याळं नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजतात, पण ठोक्यांवरून कॅलरी काढताना त्यांचे अंदाज मोठ्या प्रमाणात चुकतात. त्यात आणखी एक दुहेरी मोजणी होते. पहिल्या उत्तरातल्या सूत्राला १.३७५ ने गुणलंत तेव्हाच हलकं चालणं त्यात धरलं गेलं. मग ॲपने घड्याळाच्या कॅलरी पुन्हा रोजच्या मर्यादेत मिळवल्या तर एकच चालणं दोनदा मोजलं जातं. ॲपच्या सेटिंगमध्ये व्यायामाच्या कॅलरी आपोआप मिळवण्याची सोय असते, ती बंद करा. तासाभरापर्यंतच्या व्यायामासाठी वेगळं काही खाऊ नका. दीड-दोन तासांचं सायकलिंग किंवा लांब पळणं असेल त्या दिवशी मात्र काढलेल्या निव्वळ खर्चाच्या निम्मं जरूर खा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भुकेपुढे कोणाचंच चालत नाही.

व्यायामाच्या रकान्यात कॅलरी लिहायचं सोडून द्या, हे आमचं स्पष्ट मत आहे. तिथे मिनिटं, अंतर, पावलं, उचललेलं वजन आणि आवर्तनं लिहा. ही मोजमापं खरी असतात आणि त्यांतली प्रगतीही दिसते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. दहा हजार पावलांचं मात्र बंधन मानू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रापासून रूढ झाला.

प्रश्न : काल ८०.९ असलेलं वजन आज ८१.९. खाण्यात फारसा बदल नाही. असं झालं की सगळा उत्साह जातो.

उत्तर : एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका दिवसात ते झालेलं नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. वाढलं ते पाणी आणि आतड्यातलं अन्न. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. एखाद्या जेवणात मीठ जास्त झालं, बद्धकोष्ठ झाला, झोप कमी झाली, नव्या व्यायामाने स्नायू दुखावले, या सगळ्याने पाणी अडतं. पाळीच्या आधी एक-दोन किलो वाढ अगदी नेहमीची, म्हणून स्त्रियांनी या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी.

उपाय म्हणजे सात दिवसांची सरासरी. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, कडक फरशीवर. काटा गालिच्यावर ठेवला की आकडा चुकतो. समजा सात दिवसांचे आकडे ८१.२, ८०.६, ८०.९, ८१.९, ८१.३, ८०.८, ८०.५ असे आले, तर सरासरी ८१.०. पुढच्या आठवड्याची ८०.६ आली की ०.४ किलो उतरलं, आणि ८१.९च्या त्या सकाळीही तुमची उतरणच चालू होती. हीच गोष्ट सुरुवातीच्या आठवड्यालाही लागू आहे. पहिल्या सात दिवसांत अडीच किलो गेले तर त्यातलं बरंचसं पाणी असतं, त्यावरून पुढचा वेग ठरवू नका. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढी घट पुरेशी. फार झपाट्याने वजन उतरवलं की स्नायू जास्त झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

प्रश्न : प्रत्येक ॲप वेगळा आकडा देतं. एक १८०० म्हणतं, दुसरं २२००. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : तुमच्या स्वतःच्या नोंदीचं. ॲप सूत्र वापरतं आणि सूत्र सरासरी माणसाचं असतं. नोंद ठेवण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच, की चार आठवड्यांत तुमच्या शरीराचा आकडा तुमच्याच वहीतून निघतो.

पहिला आठवडा पाण्याच्या चढउतारामुळे सोडून द्या. पुढचे चार आठवडे नेहमीसारखं खा आणि सगळं लिहा, वजन रोज करा. समजा या चार आठवड्यांत रोजची सरासरी २१५० कॅलरी आली. पहिल्या आठवड्याचं सरासरी वजन ८८.४ आणि चौथ्याचं ८७.२. घट १.२ किलो, म्हणजे १.२ × ७७०० = ९२४० कॅलरी. आता भागायचं कितीने? इथे पुष्कळजण २८ घेतात आणि चुकतात. पहिल्या आठवड्याची सरासरी त्या आठवड्याच्या मधल्या दिवसाचं वजन सांगते, चौथ्याची त्याच्या मधल्या दिवसाचं, आणि या दोन दिवसांत अंतर २१ दिवसांचं आहे. ९२४० ÷ २१ = ४४०. म्हणजे वजन जैसे थे ठेवणारा तुमचा आकडा २१५० + ४४० = २५९०. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं असेल तर रोज ५५० कमी, म्हणजे २०४०.

या पद्धतीची खुबी अशी, की तुमची नोंद रोज दीडशेने कमी होत असली तरी चालतं. मग २५९० हा आकडाही दीडशेने कमीच निघालेला असतो आणि २०४०च्या नोंदीचा परिणाम तोच होतो. अट एकच : चूक रोज सारखी व्हायला हवी. चार दिवस काटेकोर आणि तीन दिवस कोरे, असं केलं की हिशेबच उरत नाही.

प्रश्न : बाहेर जेवलो की मी ते लिहीतच नाही, कारण प्रमाण माहीत नसतं.

उत्तर : कोरा रकाना शून्य धरला जातो, आणि शून्य हा सर्वांत चुकीचा अंदाज. तसाच घरचा पदार्थ निवडा, कॅलरी २५ ते ३० टक्के वाढवून लिहा (बाहेरच्या स्वयंपाकात तेल-लोणी सढळ असतं) आणि विषय संपवा. जेवताना लिहायची गरज नाही. एक फोटो काढून ठेवलात तर रात्री आठवायला पुरतो.

प्रश्न : ९२ वरून ८६ किलोवर आलो. आता तीन आठवडे तिथेच अडकलो आहे. खाणं अजून कमी करू का?

उत्तर : लगेच नको. सहा किलो कमी झाल्यावर सूत्राप्रमाणे रोजचा खर्च फक्त ८० कॅलरींनी घटतो. खरी गळती दोन ठिकाणी असते. एक, कमी खाणारं शरीर नकळत हालचाल कमी करतं : जिन्याऐवजी लिफ्ट, उठून जाण्याऐवजी हाक मारणं. पावलांची जुनी नोंद काढा. नऊ हजारांची सहा हजार झाली असतील तर रोजच्या ८० ते १०० कॅलरी तिथे गेल्या. दोन, मोजणं ढिलं पडतं. काट्याची जागा पुन्हा चमचा घेतो, चमच्याची जागा अंदाज.

आधी पावलं पूर्वीच्या आकड्यावर आणा आणि दोन आठवडे पुन्हा वजनकाटा वापरा. कंबरही मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप आवळून न धरता. नव्याने वजनं उचलायला लागला असाल तर वजन स्थिर राहून कंबर कमी होऊ शकते, आणि तसं असेल तर काहीच बदलायचं नाही. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवा, तुमच्यासाठी दिवसाला १०० ते १४० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एवढं करूनही कंबर आणि सरासरी वजन दोन्ही थांबलेलं असेल, तरच १०० ते १५० कॅलरी कमी करा.

प्रश्न : मधुमेहासाठी गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. या पद्धतीने खाणं कमी केलं तर चालेल?

उत्तर : सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नंतर नव्हे. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांचा डोस सध्याच्या खाण्याच्या हिशेबाने ठरलेला असतो. खाणं कमी करून डोस तोच ठेवला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या औषधांचंही तसंच, वजन उतरलं की डोस बदलावा लागतो. नोंदवहीत साखरेच्या मोजणीचा आणि औषधाच्या वेळेचा रकाना वाढवा आणि ती वही तपासणीला घेऊन जा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कॅलरी कमी करण्याचा हा कार्यक्रम स्वतःहून करू नये.

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी प्रत्येक घास ॲपमध्ये लिहिते. मोजता न येणारं काही खायला नकार देते, आमच्याबरोबर जेवायला बसायचं टाळते. दोन महिने पाळी आलेली नाही. वजन मात्र छान उतरलं म्हणून सगळे कौतुक करतात. मी उगाच काळजी करते आहे का?

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पाळी थांबणं, सोबत जेवणं टाळणं, मोजता न आलेल्या अन्नाची भीती, ही खाण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात, आणि तो आजार वजन कमी नसलेल्यांनाही होतो. चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड किंवा उलट्या काढण्याची सवय दिसली तर थांबूच नका, त्याच दिवशी न्या. तिला दरडावू नका, जबरदस्तीने भरवू नका आणि ॲप हिसकावूनही घेऊ नका. 'तुझी पाळी थांबली आहे, मला तुझी काळजी वाटते, आपण दोघी दाखवून येऊ' एवढं साधं सांगा. घरातल्या बाकीच्यांना तिच्या वजनाचं कौतुक ताबडतोब थांबवायला सांगा. डॉक्टरांबरोबर मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचीही मदत लागू शकते. वेळेत उपचार सुरू झाले तर या आजारातून मुली पूर्ण बऱ्या होऊ शकतात.

मोठ्यांमध्येही ज्यांना असा त्रास पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी कॅलरी मोजू नयेत. त्यांच्यासाठी जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि चालण्याची मिनिटं एवढीच नोंद बरी, तीही उपचार करणाऱ्यांना विचारून.

प्रश्न : हवं तेवढं वजन उतरलं. आता जन्मभर लिहीत बसायचं का?

उत्तर : नाही, पण एका दिवसात बंदही करू नका. आधी रोजच्या कॅलरी दर आठवड्याला १०० ते १५० ने वाढवत आपल्या स्थिर आकड्यापर्यंत आणा. पहिल्या पंधरा दिवसांत अर्धा-एक किलो वाढेल, ते ग्लायकोजेन आणि पाणी आहे. मग आधी अंदाज करायचा आणि नंतर काट्यावर ताडून बघायचा, असं काही आठवडे करा. अंदाज दहा टक्क्यांच्या आत येऊ लागला की आहाराची नोंद थांबवा. वजन मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा करत राहा. सरासरी ठरवलेल्या वजनाच्या २ किलो वर गेली, की दोन आठवडे पुन्हा पूर्ण नोंद, आणि सुरुवात तेलापासून.